म्हाताऱ्या श्वानासाठी गाडीचा रॅम्प : आधी मोजमाप, मग खरेदी

शहापूर (प्रतिनिधी) : शनिवारची सकाळ उजाडली की मुंबई-नाशिक महामार्गावरून आसनगाव-शहापूरकडे आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेल्या गाड्यांची गर्दी वाढू लागते. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याण येथील अनेक कुटुंबांनी या दोन तालुक्यांत शेतघरे बांधली आहेत. त्या गाड्यांच्या मागच्या काचेतून बाहेर पाहणारा एखादा लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. शहरातील दोन खोल्यांच्या घरात आठवडाभर कोंडलेल्या या प्राण्याला शेतावर मोकळे फिरता यावे, हाही अनेकांच्या या फेरीचा एक हेतू असतो.

मात्र लहानपणी एका उडीत डिकीत शिरणारे हे श्वान नऊ-दहा वर्षांचे झाले की गाडीपाशी येऊन थबकते. पुढचे पाय डिकीच्या कडेवर टेकवते आणि मागे वळून घरच्यांकडे पाहते. त्या वेळी घरच्यांपुढे तीनच मार्ग उरतात. ३०-३५ किलोचे ओझे दर वेळी उचलायचे, श्वानाला घरी किंवा शेतावर कायमचे ठेवून द्यायचे किंवा त्याला स्वतःच्या पायांनी गाडीत चढता येईल अशी सोय करायची. तिसरा मार्ग म्हणजे गाडीला लावायची उतरती फळी, अर्थात रॅम्प. ही वस्तू दिसायला साधी असली, तरी चुकीच्या मापाचा रॅम्प घेतला तर श्वान त्यावर पाय ठेवत नाही आणि तो माळ्यावर धूळ खात पडतो. म्हणून निवड करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा हा आढावा.

उडी का टाळावी?

उभ्या असलेल्या श्वानाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. गाडीतून खाली उडी मारताना जवळजवळ सगळे वजन क्षणभर या पुढच्या पायांवरच येते. खांदा, कोपर आणि मनगटाच्या सांध्यांना हा हिसका बसतो. वर चढताना उलट प्रकार होतो. तेव्हा मागच्या पायांना आणि खुब्याच्या सांध्यांना सगळा जोर लावावा लागतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याची जन्मजात सदोष घडण अधिक प्रमाणात आढळते. तरुणपणी स्नायूंच्या बळावर ही उणीव झाकली जाते. वय वाढून स्नायू क्षीण झाले की सांधेदुखी डोके वर काढते.

पूर्ण वाढ झालेल्या नर लॅब्रेडॉरचे वजन सामान्यतः २९ ते ३६ किलो आणि नर जर्मन शेफर्डचे ३० ते ४० किलो असते. रॉटवायलर नर ५० किलोच्या पुढे जातो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारख्या अतिविशाल जाती पाच-सहा वर्षांतच प्रौढत्वाकडून वार्धक्याकडे झुकतात. लॅब्रेडॉरच्या बाबतीत सात-आठ वर्षांनंतर सावध व्हावे. आपल्याकडील कारवानी किंवा मुधोळ जातीचे श्वान वजनाने हलके आणि काटक असते. त्यामुळे ते अधिक काळ उड्या मारू शकते, पण म्हातारपण त्यालाही चुकलेले नाही. आखूड पाय आणि लांब पाठ असलेल्या डॅशहुंडसारख्या लहान श्वानालाही, मणक्यातील चकतीच्या विकाराच्या धोक्यामुळे, उंच उड्या वर्ज्यच मानाव्यात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रॅम्प हा उपचार नव्हे. कालपर्यंत उडी मारणारे श्वान आज अचानक नकार देत असेल, लंगडत असेल, उठताना कण्हत असेल किंवा मागचे पाय फरफटत असेल, तर आधी पशुवैद्यकाला दाखवावे. माणसांसाठीची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आयबुप्रोफेनसारखी औषधे श्वानाच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

उंचीच्या तिप्पट लांबी

बहुतेक ग्राहक रॅम्पची किंमत आधी विचारतात आणि लांबी नंतर. क्रम नेमका याउलट असावा. रॅम्प उपयोगी पडणार की नाही हे मुख्यतः त्याच्या चढावर ठरते आणि चढ ठरतो तो गाडीची उंची आणि रॅम्पची लांबी यांच्या प्रमाणावर.

यासाठी शिंप्याची फीत पुरेशी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून जमिनीपासून डिकीच्या ज्या कडेवर रॅम्प टेकणार आहे, तिथपर्यंतची उंची मोजावी. रॅम्पची लांबी या उंचीच्या दुप्पट असेल तर चढ ३० अंशांचा होतो. म्हाताऱ्या श्वानासाठी तो फारच उभा आहे. अडीचपट लांबीला चढ सुमारे साडेतेवीस अंशांवर येतो. हलक्या सांधेदुखीचे श्वान तो चढू शकते. तिप्पट लांबी घेतली तर चढ साडेएकोणीस अंशांवर उतरतो आणि अशक्त श्वानालाही तो झेपतो. म्हणून ‘उंचीच्या तिप्पट लांबी’ हे सूत्र लक्षात ठेवावे.

तयार हिशेब असा :

डिकीची उंची ५० सें.मी. : रॅम्प किमान १२५ सें.मी., उत्तम १५० सें.मी.
डिकीची उंची ६० सें.मी. : किमान १५०, उत्तम १८०
डिकीची उंची ७० सें.मी. : किमान १७५, उत्तम २१०
डिकीची उंची ८० सें.मी. : किमान २००, उत्तम २४०

बाजारात मिळणारे घडीचे रॅम्प बहुधा १५० ते १८० सें.मी. लांबीचे असतात. लहान गाड्यांना ते पुरतात. उंच एसयूव्हीला मात्र ते अपुरे पडतात, आणि मोठी श्वाने बहुधा अशाच गाड्यांतून नेली जातात. ८० सें.मी. उंचीच्या डिकीला १५० सें.मी.चा रॅम्प लावला तर चढ ३२ अंशांवर जातो. अशा रॅम्पवरून श्वान घसरले की पुन्हा त्यावर पाय ठेवायला ते राजी होत नाही.

लांबीबरोबर जागेचाही विचार व्हावा. दोन मीटरचा रॅम्प लावायचा तर गाडीच्या मागे किमान साडेतीन मीटर मोकळी जागा हवी, कारण श्वानाला सरळ रेषेत चालत येऊन चढता आले पाहिजे. सोसायटीच्या वाहनतळात गाडीमागे भिंत असेल, तर गाडी आधी बाहेर काढावी आणि मगच श्वानाला खाली आणावे.

डिकी की बाजूचे दार?

मुंबई-ठाणे परिसरातील अनेक गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली असते. परदेशी रॅम्पच्या जाहिरातींत या अडचणीचा उल्लेख नसतो. डिकी अडलेली असली की श्वानाला मागच्या आसनावरच बसवावे लागते आणि रॅम्प बाजूच्या दाराला लावावा लागतो.

बाजूच्या दारासाठी वेगळी मापे लागतात. दार पूर्ण उघडल्यावर तळाशी किती रुंदी मिळते ते पाहावे. ती अनेकदा अपुरी असते, त्यामुळे तेथे ३५ ते ४० सें.मी. रुंदीचाच रॅम्प बसतो. शिवाय रॅम्प दाराच्या उंबऱ्यावर टेकवला, तर श्वानाला तेथून आसनावर पुन्हा उडी मारावी लागते. म्हणून रॅम्पचे टोक थेट आसनावर टेकले पाहिजे. आसनापुढची पाय ठेवण्याची पोकळी पिशव्या भरून किंवा जाड फळी टाकून बुजवून घ्यावी. म्हणजे प्रवासात ब्रेक लागल्यावर श्वान त्या खळग्यात पडत नाही. सरकत्या दाराच्या व्हॅनचा मजला तुलनेने खाली असतो आणि दारही रुंद असते. म्हाताऱ्या श्वानासाठी ही रचना सर्वांत सोयीची ठरते.

डिकीचे दार वर उघडणारे असेल तर अडचण नाही. काही गाड्यांचे मागचे दार बाजूला उघडते. त्यावर जादा चाक बसवलेले असते. ते दार वाऱ्याने किंवा उतारामुळे मिटू नये याची खबरदारी घ्यावी. रॅम्पचे टोक बंपरच्या प्लास्टिकवर टेकवू नये. ते आत मजल्यावर किमान हातभर गेले पाहिजे. कुलपाचा खटका मधे येत असेल तर त्यावर जाड रबराचा तुकडा ठेवावा.

लाकूड, प्लास्टिक की अॅल्युमिनियम?

प्लास्टिकचा घडीचा रॅम्प हलका असतो आणि पावसात खराब होत नाही. मात्र जड श्वानाच्या भाराने तो मधे लवतो. पायाखालची फळी हलली की श्वान बिचकते. त्यामुळे छापील भारक्षमतेवर विसंबू नये. दोन्ही टोके विटांवर टेकवून मध्यभागी पायाने जोर देऊन पाहावा. श्वानाच्या वजनाच्या किमान दीडपट भारक्षमता असावी, कारण चालताना दोन पायांवर क्षणभर अधिक भार येतो.

अॅल्युमिनियमचा रॅम्प मजबूत आणि तुलनेने हलका असतो. एकात एक सरकणाऱ्या प्रकारात लांबी हवी तशी कमी-जास्त करता येते. दोष दोन आहेत. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात पडलेला धातू इतका तापतो की श्वानाचे तळवे भाजू शकतात. दुसरे म्हणजे, धातूवर नखांचा आवाज होतो आणि बुजऱ्या श्वानाला तो खपत नाही. वर रबराची चटई चिकटवल्यास दोन्ही दोष बरेच कमी होतात.

तिसरा पर्याय सुताराकडून करून घ्यायचा. शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत प्लायवूड, बिजागऱ्या आणि सुतार हे तिन्ही सहज मिळतात. १८ मि.मी. जाडीच्या जलरोधक प्लायवूडची १८० सें.मी. लांब आणि ४५ सें.मी. रुंद फळी सुमारे १० किलोची होते. मधोमध कापून खालच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या तर ती ९० सें.मी.ची घडी होऊन गाडीत मावते. उघडल्यावर सांध्यावर ती लवू नये म्हणून खालून दोन लाकडी पट्ट्यांचा आधार आणि खटका हवा. दोन्ही कडांना चार-पाच सें.मी. उंचीची पट्टी ठोकल्यास श्वानाचा पाय बाहेर घसरत नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडवावीत. खर्च तयार रॅम्पच्या तुलनेत कमी येतो आणि माप आपल्या गाडीचे मिळते. दोष एकच, वजन. रॅम्प उचलणारी व्यक्तीही अनेकदा साठी ओलांडलेली असते. एकट्याला तो उघडून लावता येईल ना, हे करून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पकड महत्त्वाची

म्हातारे श्वान पडते ते बहुधा पाय घसरल्यामुळे. रॅम्पचा पृष्ठभाग ओला असतानाही पकड देणारा हवा. पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर पकड चांगली देतो, पण रोजच्या वापरात तळव्यांची कातडी घासतो. रबराची खाचा असलेली चटई त्यापेक्षा बरी. काथ्याची चटई कोरडी असताना उत्तम पकड देते. मात्र माळशेज-मुरबाड पट्ट्यातील पावसाळ्यात ती भिजून जड होते आणि तिला बुरशी लागते. जून ते सप्टेंबर या काळात रबर आणि बाकीचे महिने काथ्या, अशी अदलाबदल करता येईल.

पावसाळी चिखलात रॅम्पचे खालचे टोकही सरकते. त्याखाली रबराचे जोड असावेत आणि शक्य तेथे ते चिखलाऐवजी दगडी फरशीवर टेकवावे. वरचे टोक गाडीच्या आतील कडीला पट्ट्याने बांधून टाकावे. श्वान अर्ध्या वाटेवर असताना रॅम्प निसटला, तर इजा होतेच, शिवाय त्याचा विश्वास कायमचा जातो.

म्हाताऱ्या श्वानाला मोतीबिंदूमुळे कमी दिसत असेल, तर रॅम्पच्या दोन्ही कडांना पांढरी किंवा पिवळी पट्टी चिकटवावी. नखे वाढलेली असतील आणि बोटांमधले केस लांब असतील, तर कोणत्याही पृष्ठभागावर पकड मिळणार नाही. ती आधी कापून घ्यावीत.

म्हशाच्या बाजारातील शहाणपण

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. बैल टेम्पोत चढवायचा तर त्याला उचलणे शक्य नसते आणि ओढून तो बधत नाही. अशा वेळी जनावरांची ने-आण करणारे टेम्पोचा मागचा भाग एखाद्या बांधाला किंवा उंचवट्याला भिडवतात. मग जमीन आणि गाडीचा मजला जवळजवळ एका पातळीत येतात आणि जनावर चालत आत शिरते.

हीच युक्ती श्वानासाठी बिनखर्ची उपयोगी पडते. शेतघराच्या आवारात भाताच्या खाचराचा बांध, जोत्याची पायरी, मातीचा ढीग असा काही ना काही उंचवटा असतोच. गाडी मागे घेऊन त्याला लावली, तर लहान रॅम्पनेही काम भागते. ७० सें.मी. उंचीच्या डिकीला १८० सें.मी.चा रॅम्प सपाट जमिनीवर सुमारे २३ अंशांचा चढ देतो. रॅम्पचे खालचे टोक २० सें.मी. उंचवट्यावर ठेवले, तर चढ १६ अंशांवर येतो. उतरत्या रस्त्यावर गाडीचे तोंड उताराच्या दिशेने आणि डिकी चढाच्या बाजूला ठेवावी. हातब्रेक ओढून, गिअर टाकून चाकाखाली दगड मात्र अवश्य लावावा.

जनावरांच्या वाहतुकीसंबंधीच्या केंद्र सरकारच्या १९७८ च्या नियमांतही हेच तत्त्व आहे. गुरे नेणाऱ्या मालवाहू वाहनाच्या मजल्यावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या अशी घसरण रोखणारी सोय असावी, गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाच्या बाजूला असावीत आणि एका वाहनात सहापेक्षा अधिक गुरे नसावीत, असे हे नियम सांगतात. रेल्वेच्या वाघिणीचा खाली पडणारा दरवाजाच फलाटावर रॅम्पसारखा वापरण्याची तरतूदही त्यांत आहे. याच नियमांत श्वान आणि मांजरांच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पिण्याचे पाणी द्यावे, असे त्यात म्हटले आहे. घरच्या गाडीतून नेतानाही हा दंडक पाळण्यासारखा आहे.

सवय लावण्यासाठी आठवडा द्यावा

नवा रॅम्प आणून शनिवारी सकाळी घाईघाईत गाडीला लावला आणि श्वानाला पट्ट्याने वर खेचले, तर अपयश ठरलेले. पहिले दोन-तीन दिवस रॅम्प घरात किंवा अंगणात जमिनीवर सपाट पसरून ठेवावा. श्वानाला तो हुंगू द्यावा, त्यावरून चालल्यावर आवडीचा खाऊ द्यावा. पुढचे दोन-तीन दिवस त्याचे एक टोक जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकवावे. त्यानंतर गाडीला लावावा आणि इंजिन बंद ठेवावे. चढणे जमले की मगच उतरण्याचा सराव घ्यावा. उतरताना श्वान घाई करते आणि शेवटच्या टप्प्यात उडी मारू पाहते. म्हणून एका हाताने छातीचा पट्टा धरून त्याला सावकाश उतरवावे. गळपट्टा धरून ओढू नये. मानेच्या मणक्यावर ताण येतो.

शक्य असेल तर हे शिक्षण श्वान धडधाकट असतानाच द्यावे. पाच-सहा वर्षांच्या श्वानाला रॅम्प हा खेळ वाटतो. पाय दुखू लागल्यावर प्रथमच समोर आलेला रॅम्प त्याला संकट वाटतो.

उचलावेच लागले तर

रॅम्प घरी राहिला किंवा श्वान अगदीच चालू शकत नसेल, तर उचलण्याची योग्य पद्धत माहीत असावी. एकट्याने कमरेतून वाकून उचलणे दोघांच्याही पाठीला घातक आहे. दोघांनी गुडघे वाकवून बसावे. एकाने छातीखाली आणि दुसऱ्याने मांड्यांच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागाखाली हात घालावेत. मग पाठ ताठ ठेवून दोघांनी एकदम उठावे. पाठीचा कणा आडवा आणि सरळ राहिला पाहिजे. केवळ मागचे पाय अशक्त असतील, तर पोटाखालून जुनी चादर किंवा मोठा टॉवेल घालून दोन्ही टोके वर धरावीत. त्या आधाराने श्वान रॅम्पवरून स्वतः चालू शकते. दुखऱ्या जागी हात लागल्यास सर्वांत मायाळू श्वानही चावू शकते, याचे भान ठेवावे.

वजन आटोक्यात ठेवणे हाही याच प्रश्नाचा भाग आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर श्वानांवर दीर्घकाळ झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेली श्वाने सुमारे दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा दिसली. बिस्किटे आणि पंगतीतला उरलेला भात यांवर नियंत्रण आणले, तर रॅम्पची गरजही काही वर्षे पुढे ढकलता येईल.

घाटातील प्रवास

श्वान चढले की काम संपले असे नव्हे. दहा किलोचा लाकडी रॅम्प डिकीत सुटा ठेवला, तर कसारा किंवा माळशेज घाटातील वळणावर अचानक ब्रेक लागताच तो श्वानावर किंवा पुढच्या माणसांवर आदळू शकतो. तो पट्ट्याने बांधावा किंवा आसनाखाली सरकवावा. श्वानाचा छातीपट्टा आसनाच्या पट्ट्याला जोडावा. खाली जाड, न सरकणारी गादी असावी. वळणांवर तोल सांभाळण्यात म्हाताऱ्या सांध्यांना फार श्रम होतात. सुमारे दीड-दोन तासांनी सुरक्षित ठिकाणी थांबून त्याला पाय मोकळे करू द्यावेत. मात्र महामार्गाच्या कडेला, वाहनांच्या बाजूने दार उघडून त्याला उतरवू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत श्वानाला पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

मागे ठेवणे हा पर्याय नव्हे

वर सांगितलेल्या तीन मार्गांपैकी दुसरा मार्ग, श्वानाला शेतावरच ठेवण्याचा, सर्वांत सोपा वाटतो. ‘तिथे राखणदार आहे, मोकळी हवा आहे, म्हातारपणी आरामात राहील,’ अशी स्वतःची समजूत घातली जाते. पण दहा वर्षे माणसांच्या पायाशी झोपलेल्या प्राण्याला मोकळ्या हवेपेक्षा ती माणसे हवी असतात. औषधाच्या वेळा, मऊ अन्न, कोरडी जागा या गोष्टी राखणदारावर सोडून चालत नाहीत. त्याला त्याची शेती आणि संसार असतो.

दुसरा धोका रानातला. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घाटमाथ्यावरच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. ऐकू कमी येणारे, पळू न शकणारे श्वान रात्री पडवीत बांधून ठेवणे म्हणजे त्याला बिबट्यापुढे ठेवण्यासारखेच आहे. शेतावर मुक्काम असेल तेव्हाही त्याला रात्री घरात, दार लावूनच झोपवावे.

कायद्यानेही या बाबतीत हात झटकता येत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. प्राण्याला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हाही याच कलमाखाली गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठेवलेला दंड अवघा १० ते ५० रुपयांचा आहे. त्यामुळे दंडाच्या धाकाने नव्हे, तर घरच्या माणसांच्या विवेकानेच हा प्रश्न सुटायचा आहे.

खरेदीपूर्वी हे तपासा

* डिकीची किंवा आसनाची जमिनीपासून उंची मोजली का? रॅम्पची लांबी तिच्या किमान अडीचपट, शक्यतो तिप्पट आहे का?
* रुंदी श्वानाच्या खांद्यांपेक्षा अधिक आहे का? मोठ्या श्वानासाठी ४० ते ५० सें.मी. रुंदी सोयीची असते.
* श्वानाचे अलीकडचे वजन माहीत आहे का? भारक्षमता त्याच्या दीडपट आहे का?
* मध्यभागी जोर दिल्यावर रॅम्प लवतो का?
* पृष्ठभागावर पाणी ओतल्यावरही पकड राहते का?
* घडी केलेला रॅम्प आणि श्वान, दोन्ही गाडीत मावतात का?
* घरातील सर्वांत अशक्त व्यक्तीला तो एकट्याने लावता येतो का?
* बिजागरीत बोट किंवा पंजा अडकण्याचा धोका आहे का?
* पसंत न पडल्यास परत घेण्याची दुकानदाराची तयारी आहे का?

पावसाळ्यानंतर बिजागऱ्यांना तेल द्यावे, स्क्रू आवळावेत आणि लाकडी रॅम्पला दरवर्षी रंगाचा हात द्यावा. एवढी निगा राखली तर एकाच श्वानाच्या उरलेल्या आयुष्याला तो सहज पुरतो.

मोठ्या जातीच्या श्वानाचे आयुष्य मुळातच दहा-बारा वर्षांचे. त्यातली शेवटची दोन-तीन वर्षे तो गाडीत चढू शकत नाही एवढ्याच कारणासाठी मागे राहावा, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. फीत घेऊन केलेले पाच मिनिटांचे मोजमाप आणि आठवडाभराचा सराव एवढ्यावर हे टळू शकते. पुढच्या शनिवारी गाडी निघेल तेव्हा मागच्या काचेतून बाहेर पाहणारा तो ओळखीचा चेहरा तेथे असावा, यासाठी एवढे कष्ट फार नाहीत.